रोजच्या खड्याच्या अंगठीसाठी २२ कॅरेट घ्यावं की १८?

मंडळी, जरा सल्ला हवा होता. रोज बोटात राहील अशी खड्याची अंगठी करून घ्यायची आहे आणि कॅरेटवरच गाडं अडलंय.

आधीची २२ कॅरेटची होती, आत ९१६ चा (म्हणजे ९१.६ टक्के सोनं) शिक्का. रंग पिवळाधमक, पण चार वर्षांत तळहाताकडची बाजू झिजून तारेसारखी झाली. खडा धरणारी एक नखी तर इतकी वाकली की स्वेटर घालताना दर वेळी धागा अडकायचा. मी आळस केला आणि शेवटी भांडी घासताना खडाच गेला. (मोरीची जाळी काढून शोधून झालंय, नाही मिळाला.)

१८ कॅरेटमध्ये सोनं ७५ टक्के, बाकी चांदी-तांबं, त्यामुळे टणकपणा जास्त, हे कळतंय. १४ त्याहून कडक, पण त्यात सोनं जेमतेम ५८.५ टक्के, तिथे माझं मन धजत नाही. पांढरं सोनं नकोच. त्यात कधी कधी निकेल असतं आणि खोट्या कानातल्यांनीसुद्धा माझे कान चिघळतात.

तर ज्यांनी पिवळं १८ कॅरेट वर्षानुवर्षं रोज वापरलंय त्यांनी सांगा, रंग फिका वाटतो का? साबण-घामाने काळपटतं का? आणि वळं २२ चं, फक्त खड्याचं कोंदण १८ चं असं कुणी करून घेतलंय का? डाग देऊन (वितळवून) जोडलेल्या जागी पुढे काही त्रास?