प्रतिसाद: पोर्तुगीजमध्ये वेळ सांगताना

वर कुणीतरी सुचवलंय की पोर्तुगीजमध्ये किती वाजले हे सांगताना सरसकट 'साँउ' (अनेकवचनी 'आहेत'; एकवचनी 'आहे' म्हणजे 'ए') वापरा, चालून जातं. मला हे पटत नाही, कारण मराठी माणसाला हा एकवचन-अनेकवचनाचा नियम शिकावाच लागत नाही. आपण 'एक वाजला' पण 'दोन वाजले' म्हणतो ना? तिथेही तेच. एकसाठी 'ए ऊमा ओरा' ('ओरा' म्हणजे तास), दोनपासून पुढे 'साँउ दूअश ओरश'. दीडलासुद्धा एकवचनच: 'ए ऊमा इ मेया'. दुपारचे बारा आणि मध्यरात्र हेही एकवचनी. (उच्चार लिस्बनकडचे देतोय, ब्राझीलमध्ये शेवटचा 'श' बहुतेक ठिकाणी 'स' होतो.)

खरी गंमत तासाला मिनिटं कमी असतात तेव्हा. ब्राझीलमध्ये २:५० ला 'देस पारा अस त्रेस', म्हणजे थेट आपलं 'तीनला दहा कमी'. पोर्तुगालात हेही चालतं, पण 'त्रेश मेनुश देश', तीन वजा दहा, हेही सर्रास ऐकू येतं. पाऊण-सव्वासाठी 'क्वार्तु' (पाव) पोर्तुगालात वापरतात. ब्राझीलमध्ये सरळ पंधरा मिनिटं म्हणतात.

साडेबाराला मात्र जपा. 'मेयु दिअ (दुपारचे बारा) इ मेया' म्हणायचं, शेवटी पुल्लिंगी 'मेयु' नाही, कारण तो अर्धा 'ओरा'चा, आणि 'ओरा' स्त्रीलिंगी. ही चूक तिथले लोकही करतात.

आणि पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवर कुणाला फोन करणार असाल तर लिस्बनच्या वेळेतून एक तास वजा करा.