ॲरे, स्ट्रिंग आणि एका स्वल्पविरामाचा ताप : तुमचे अनुभव

एरर येत नाही, कोड चालतो, फक्त आउटपुट जरासं वाकडं. जावास्क्रिप्टमधल्या अशा किरकोळ चुका फार वेळ खातात. तुमच्या वाट्याला आलेल्या इथे लिहा. काय दिसलं आणि कारण काय निघालं, दोन्ही येऊ द्या. सुरुवात मी करतो.

फाइलमधली नावं न्यूलाइनवर (ओळ बदलण्याच्या खुणेवर) स्प्लिट करून ॲरेत, म्हणजे यादीत, घेतली होती. कन्सोलवर सगळी बरोबर दिसायची, पण नाव यादीत आहे का हे सांगणारं ‘इन्क्लूड्स’ फॉल्स. गंमत म्हणजे यादीतलं शेवटचं नाव तेवढं सापडायचं! लेंग्थ पाहिली, तर बाकी प्रत्येक नाव एकाने लांब. फाइल विंडोजवर बनलेली. तिथे न्यूलाइनच्या आधी कॅरेज रिटर्नही (न दिसणारं एक चिन्ह) असतो. तो प्रत्येक नावाला चिकटून राहिला, शेवटच्या ओळीपुढे तो नव्हताच. जेसन स्ट्रिंगिफाय (अशी लपलेली चिन्हं उघड लिहिणारं फंक्शन) करून छापल्यावर अवतरणचिन्हांच्या आत उघडा पडला. कडेची रिकामी चिन्हं काढणारं ट्रिम लावलं, मिटलं.

*

आमच्याकडे वेबपेजवरच्या यादीत दोन आयटेमांच्या मध्ये स्वल्पविराम उगवले. सहकारी सीएसएस (पेजच्या दिसण्याचा कोड) धुंडाळत होते. मॅपने (प्रत्येक आयटेमवर फंक्शन चालवून) तयार केलेला ॲरे थेट बॅकटिकच्या (`) टेम्प्लेटमध्ये घातलेला. त्याची स्ट्रिंग (मजकूर) होताना स्वल्पविराम आपोआप येतो. रिकाम्या स्ट्रिंगने जॉइन केलं की गेले.

*

जॉइनचं निघालंच आहे तर : नल आणि अनडिफाइन्ड (दोन्ही म्हणजे ‘किंमत नाही’) तो गुपचूप रिकामे करतो. पत्ता छापताना दोन स्वल्पविराम शेजारी दिसले तर समजा मधलं फील्ड नल आहे. आधी फिल्टरला बूलियन द्या, म्हणजे रिकामी फील्डं गळतील. आकडे असतील तर नको, शून्यही उडेल.

*

माझा आवडता बग. ॲरेच्या आत [१, २] आणि खालच्या ओळीवर [३, ४], मधला स्वल्पविराम राहिलेला. दुसरा कंस इंडेक्स (ॲरेतल्या जागेचा क्रमांक) ठरतो, त्यातला ४ तेवढा उरतो, त्या जागी काहीच नसतं; म्हणून दोन जोड्यांऐवजी एकच अनडिफाइन्ड. एररचा पत्ता नाही. बॅकटिकच्या दोन स्ट्रिंगांमध्ये हेच झालं तर निदान ‘फंक्शन नाही’ म्हणून ओरडतं तरी.

*

सॉर्टने १, १०, ९ दिलं. आकडे असले तरी तो स्ट्रिंग म्हणूनच तुलना करतो. वजाबाकीचं फंक्शन द्या.

*

मराठी शब्द रिकाम्या स्ट्रिंगवर स्प्लिट करून उलटा केला, तर ‘किती’ची पहिली वेलांटी ‘त’ला जाऊन चिकटते आणि दुसरी सुरुवातीला एकटी पडते, कारण मात्रा हा वेगळा कोड पॉइंट (युनिकोडमधलं स्वतंत्र चिन्ह). मात्रेसकट अक्षर एकत्र ठेवणारा इंटल सेगमेंटर वापरा.