‘एउस्काल्दुन’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरच्या बास्क प्रदेशाविषयीच्या एका लेखाचे भाषांतर करते आहे. त्यात ‘एउस्काल्दुन’ हा शब्द सारखा येतो. आतापर्यंत मी ‘बास्क माणूस’ असे लिहीत आले. पण एका वाक्याचा आशय असा आहे : आजी-आजोबा बास्क होते, मी मात्र तिशीत एउस्काल्दुन झालो. जन्माने बास्क असलेला माणूस तिशीत बास्क कसा होईल?

प्रतिसाद : ‘बास्क माणूस’ इथे चालणार नाही. ‘एउस्कारा’ हे बास्क लोकांच्या भाषेचे त्यांनी ठेवलेले नाव, आणि ‘-दुन’ हा आपल्या ‘-वाला’, ‘-वंत’सारखा प्रत्यय. बिसार म्हणजे दाढी, बिसारदुन म्हणजे दाढीवाला. दिरु म्हणजे पैसा, दिरुदुन म्हणजे पैसेवाला. हाउर म्हणजे मूल आणि हाउरदुन म्हणजे गर्भवती. या हिशेबाने ज्याच्यापाशी एउस्कारा आहे तो एउस्काल्दुन. रक्त, आडनाव, जन्मगाव यांचा त्या शब्दात मागमूसही नाही.

म्हणूनच तिशीत एउस्काल्दुन होता येते. अशांना ‘एउस्काल्दुन बेर्री’, म्हणजे नवे, म्हणतात. घरातच भाषा मिळालेले ते ‘साहार’, म्हणजे जुने. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीत शाळा-कचेऱ्यांतून एउस्कारा हद्दपार झाली होती आणि कित्येक घरांत आईबापांनी मुलांशी ती बोलणेच सोडले. पुढे १९६०च्या दशकात ‘इकास्तोला’, म्हणजे एउस्कारा माध्यमाच्या शाळा, जोमाने वाढल्या, १९६८मध्ये आरान्थासू इथे भरलेल्या भाषा अकादमीच्या बैठकीत प्रमाणभाषेचा पाया घातला गेला, आणि प्रौढांच्या वर्गांतून हे ‘बेर्री’ घडत गेले. तुमच्या लेखातला निवेदक बहुधा त्यांच्यापैकीच असावा.

जाता जाता : एउस्कारा सोडून बाकी सगळ्या भाषांना मिळून त्यांच्याकडे ‘एर्दारा’ हा एकच शब्द आहे. दोन बाजूंना स्पॅनिश आणि फ्रेंच अशा बलाढ्य भाषा असताना त्यांना ‘इतर’ म्हणून एका शब्दात बसवणारी ही भाषा मला फार आवडते.

पुरवणी : वरच्या उत्तराला इतिहासाची एक बाजू जोडायला हवी. भाषेवरची ही ओळख सगळ्यांना पुरेशी वाटली नव्हती. बास्क राष्ट्रवादाचे जनक साबिनो आराना (१८६५–१९०३) वंश महत्त्वाचा मानत. त्यांनी ‘एउस्को’ हे मूळ धरून वंशाने बास्क असलेल्यांसाठी ‘एउस्कोतार’ हा वेगळा शब्द घडवला. त्यांच्या पक्षात सुरुवातीला प्रवेशासाठी पूर्वजांची आडनावे बास्क असावी लागत. देशासाठी त्यांनी घडवलेला ‘एउस्कादी’ शब्द टिकला, आज तो स्पेनमधल्या तीन प्रांतांच्या स्वायत्त प्रदेशाचे नाव आहे. ‘एउस्कोतार’ मात्र रोजच्या बोलण्यात मागे पडला. माझ्या मते हे चांगलेच झाले. आज बिल्बाओच्या इकास्तोलात शिकलेली स्थलांतरितांची मुलगी एउस्काल्दुन असते, आणि तिच्याच वर्गाखालच्या दुकानात बसलेला, चारही आजी-आजोबा बास्क असलेला माणूस कदाचित नसतो.

प्रश्न : झेवियर हे नाव बास्क आहे, हे खरे का?

प्रतिसाद : खरे आहे. ‘एचे’ म्हणजे घर, ‘बेर्री’ म्हणजे नवे (वर आलेलाच शब्द). ‘एचेबेर्री’ म्हणजे नवे घर. नावार्रातल्या एका गढीचे हे नाव बदलत बदलत एउस्कारात शाबियेर, स्पॅनिशमध्ये हाविएर, गोव्यात पोर्तुगीज वळणाने शावियेर आणि मुंबईत इंग्रजी वळणाने झेवियर झाले. बास्क आडनावे बहुतेक अशी घरावरूनच पडलेली. गोव्यात ज्यांना ‘गोंयचो सायब’ म्हणतात ते फ्रान्सिस झेवियर १५०६ साली त्याच गढीत जन्मले. जानेवारी १५४४च्या पत्रात आपली मातृभाषा बिस्काइन, म्हणजे बास्क, असल्याचे त्यांनी स्वतः लिहिले आहे.

प्रश्न (मूळ प्रश्नकर्ती) : मनापासून आभार. एकच अडचण उरली. लेखाचा शेवटचा भाग अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातल्या बॉयसी शहराचा आहे. तिथली चौथी पिढी बास्क नाच करते, सणाला जमते, पण भाषा येत नाही. त्यांना काय म्हणू?

प्रतिसाद : ‘अमेरिकी बास्क’ म्हणा. त्यांचे पणजोबा मेंढपाळीसाठी तिकडे गेले, बरेचसे बिस्काया या बास्क प्रांतातून. डोंगरात एकटे असताना अ‍ॅस्पेन झाडांच्या सालीवर त्यांनी कोरलेली नावे, वर्षे आणि गावांची नावे आजही सापडतात. खाली शहरात त्यांची खानावळवजा वसतिगृहे होती. १८६४ साली बांधलेले आणि पुढे वसतिगृह झालेले असे एक घर बॉयसीत आजही बास्क संग्रहालयाचा भाग म्हणून जपलेले आहे. तिथे पेला, ताट, जेवणाच्या गप्पा सगळे एउस्कारात. मुले शाळेत गेली, इंग्रजी घरात आली आणि दोन पिढ्यांत भाषा गेली.

तरीही त्यांच्या मंडळाच्या वास्तूला ते ‘एउस्काल एचेआ’च (बास्क घर) म्हणतात. हे ‘एउस्काल’ एउस्कारापासूनच आलेले, त्यामुळे भाषा न येणाऱ्यालाही स्वतःची ओळख भाषेच्याच नावाने सांगावी लागते. बॉयसीच्या लोकांनी लहान मुलांसाठी इकास्तोला काढली, त्यामागे ही टोचणी असणार असे मला वाटते.

तेव्हा माझी शिफारस अशी : माणसांच्या समूहासाठी ‘बास्क’. ‘एउस्काल्दुन’ तसाच ठेवा, पहिल्या उल्लेखाशी ‘एउस्कारा बोलणारा’ असा खुलासा द्या. तुमचे अडलेले वाक्य ‘आजी-आजोबा बास्क होते, मी एउस्काल्दुन झालो तो तिशीत’ असे सरळ होईल. ‘बास्कवासी’ मात्र टाळा, ते बास्क नावाच्या गावात राहणाऱ्यासारखे वाटते.