मदत हवी आहे : मुलाच्या तळपायावरच्या चामखिळी जात नाहीत

मुलगा 8 वर्षांचा. उजव्या टाचेवर 3 आणि अंगठ्याखाली 1 चामखीळ, जूनपासून. आधी कुरूप समजून पट्ट्या लावल्या, त्यात दोन महिने गेले. मग त्वचेच्या डॉक्टरांनी वरचा थर खरवडून आतले काळे ठिपके दाखवले. विषाणूमुळे होतं म्हणाले.

तेव्हापासून रोज रात्री पाय 10 मिनिटं कोमट पाण्यात, मऊ झालेली कातडी घासायची, मग सॅलिसिलिक अ‍ॅसिडचं औषध. दहा आठवडे झाले. अंगठ्याखालची गेली, टाचेवरच्या तशाच. आता डॉक्टर क्रायोथेरपी (अतिथंड द्रवाने चामखीळ गोठवणं) सुचवताहेत. एवढ्या लहान मुलाला ते कितपत दुखतं? किती वेळा करावं लागलं? आपोआप जातात हे माहीत आहे, पण त्याला वर्ष-दोन वर्षंही लागू शकतात आणि हा टाचच टेकवत नाही. खो-खो बंद झालाय, बाकीची मुलं खेळताना कडेला बसतो. बघवत नाही.

सासूबाई बिब्बा लावू म्हणतात. त्याने कातडी भाजते, म्हणून मी ठाम नाही म्हटलंय; कृपया तो सुचवू नका.

धाकटीला होऊ नये म्हणून टॉवेल, चपला वेगळ्या केल्यात. अजून काय सांभाळू? ज्यांच्या मुलांना झालंय त्यांनी जरूर लिहा.