आजोबांचा रंधा गंजलाय, पातं वाचेल का?

माळ्यावर आजोबांचा लोखंडी रंधा सापडला. पात्यावर लाल गंज, पाठीवर धारेलगत दोन खड्डे, मुठीचं लाकूड कोरडं पडलंय. ग्राइंडरवर धरू का? त्यांच्या हातची वस्तू आहे, बिघडवायची नाही.

उत्तर १:
ग्राइंडर नको! पातं तापून निळं पडलं की तिथलं पाणी (पोलादाचा कडकपणा) उतरलं, धार टिकणार नाही. सगळं सुटं करा. गंजलेले लोखंडी भाग रात्रभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवा, सकाळी तारेच्या ब्रशने घासा. जास्त ठेवू नका, आम्ल पोलादही खातं. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुऊन लगेच पुसा, तेलाचा हात फिरवा.

उत्तर २:
आधी पात्याची पाठ सपाट करा. मी वर्षभर नुसता उतार (धारेची तिरकी बाजू) घासत बसलो होतो. पाठ घासल्यावर पहिल्यांदा कागदासारखी सलग साल निघाली, तो आवाज अजून आठवतो. पूर्ण पाठ नको, धारेलगतचं बोटभर पुरे. उतार २५ अंश, अगदी टोकाला ३०. खड्डे धारेला भिडत असतील तर तेवढं पातं घासून मागे घ्यावंच लागेल.

उत्तर ३:
मुठीला जवसाचं तेल, पातळ हात. पण तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा.

प्रश्नकर्ता:
गंज निघाला! पात्यावर आजोबांनी कोरलेलं अक्षर दिसतंय. तेवढा भाग घासणार नाही.