सिरोटोनिनचा सिद्धान्त मोडला, म्हणून गोळ्या टाकून द्यायच्या?

कृष्णाकाठ

‘रानवारा’ यांचा ‘मेंदूतील रसायनांचे थोतांड’ हा लेख मी लक्षपूर्वक वाचला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील जोआना मॉनक्रीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली आजवरच्या अभ्यासांचा आढावा घेऊन, नैराश्य मेंदूतील सिरोटोनिन या रसायनाच्या कमतरतेमुळे येते याला सबळ पुरावा नसल्याचे दाखवले; तेव्हा त्या समजुतीवर विकल्या गेलेल्या गोळ्या घेण्याचे कारण उरलेले नाही, आणि ज्यांच्या अंगी धैर्य आहे त्यांनी त्या सोडाव्यात. यातला आढाव्याचा भाग खरा आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष त्यातून निघत नाही, आणि शेवटच्या सल्ल्याने एखाद्याचा जीव जाऊ शकतो, म्हणून हे सविस्तर उत्तर लिहीत आहे.

औषध का चालते याचे स्पष्टीकरण चुकले, एवढ्यावरून औषध चालत नाही असे ठरत नाही. ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांना वाटत होते की उन्मादाच्या मुळाशी युरिक आम्लाशी संबंधित काही विषार असावा. ते आम्ल पाण्यात नीट विरघळावे म्हणून त्यांनी त्याचा लिथियमयुक्त क्षार घेतला, तो टोचलेले गिनीपिग शांत झालेले त्यांना दिसले, आणि १९४९ साली त्यांनी उन्मादाच्या दहा रुग्णांना लिथियम दिल्याचा अनुभव प्रसिद्ध केला. युरिक आम्लाची कल्पना केव्हाच बाजूला पडली. लिथियम मात्र आजही बायपोलर विकारात, म्हणजे उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येणाऱ्या आजारात, दिले जाते, आणि ते आत्महत्येचा धोका कमी करते याला चांगला आधार आहे.

माझा धाकटा भाऊ लिथियमवर आहे. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी तो रात्र रात्र जागून भिंतींवर कारखान्याचे आराखडे काढत असे, आणि त्याच झपाट्यात त्याने वडिलांचे उसाच्या बिलाचे पैसे उधळले. औषधाने तो सावरला, नोकरीला लागला. मग एका शिबिरात कोणीतरी त्याला ‘मन खंबीर असेल तर गोळी कशाला’ असे सांगितले. त्याने गोळ्या बंद केल्या, आणि त्या पावसाळ्यात आम्ही त्याला विहिरीच्या काठावरून घरी आणले. रानवारा यांनी ‘धैर्य’ हा शब्द लिहिला तेव्हा मला ते शिबिर आठवले.

रानवारा

कृष्णाकाठताई, भावाबद्दल वाचून वाईट वाटले. परंतु त्याच्या उदाहरणाखाली माझा प्रश्न दडपू नका. मी नैराश्यावर लिहिले होते आणि आपण बायपोलरवर उत्तर दिले आहे. शिवाय केड यांची गोष्ट सांगायचीच तर पुरी सांगावी. त्यांच्या ज्या पहिल्या रुग्णाच्या सुधारणेचे एवढे कौतुक झाले, तो १९५० साली लिथियमच्याच विषबाधेने मरण पावला.

वडील गेल्यावर मला झोप लागेना, म्हणून घरच्यांनी एका तज्ज्ञाकडे नेले. बाहेर रांग लागली होती, आणि माझे बोलणे पुरे होण्याआधीच कागदावर पॅरॉक्सेटीन हे नैराश्यावरचे औषध लिहून झाले होते. ‘तुमच्या मेंदूत एक द्रव्य कमी आहे, मधुमेह्याला जसे इन्सुलिन तशी तुम्हाला ही गोळी,’ असे मला सांगण्यात आले. ती केव्हा थांबवायची हे कोणीही सांगितले नाही, आणि मी अनेक वर्षे ती घेत राहिलो. सोडू लागलो तेव्हा मान वळवली की डोक्यात विजेचा झटका बसे, स्वप्ने भयंकर पडत, आणि कठडा धरल्याशिवाय जिना उतरता येत नसे. डॉक्टर म्हणाले, ‘पाहा, आजार परतला.’ वडील गेले तेव्हा मला दुःख झाले होते, झटके येत नव्हते. मग परतले ते काय? माझी संमती एका खोट्या वाक्यावर घेतली गेली होती, आणि माझा राग त्या वाक्यावर आहे.

निशिगंध

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. रानवारा यांची तक्रार रास्त आहे, आणि आमच्या क्षेत्राने ती फार उशिरा ऐकली. ब्रिटनच्या मनोविकारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०१९ साली आपली भूमिका बदलली आणि ही औषधे थांबवताना काहींना तीव्र व दीर्घकाळ त्रास होऊ शकतो हे मान्य केले. पॅरॉक्सेटीन शरीरातून लवकर निघून जाते, म्हणून त्याचा त्रास अधिक होतो. त्याच गटातले फ्लुओक्सेटीन सावकाश उतरते. मात्रा आणि परिणाम यांचे नाते सरळ रेषेत नसते. वीसवरून दहा मिलिग्रॅमवर येणे बहुधा निभते, पण शेवटच्या पाचवरून एकदम शून्यावर येणे जड जाते, म्हणून शेवटचे टप्पे सर्वांत लहान असावे लागतात. एक दिवसाआड गोळी घेण्याचा घरगुती उपाय तर पॅरॉक्सेटीनसारख्या औषधात उलटतो, कारण मधल्या दिवशी रक्तातील मात्रा कोसळते.

तरीही लेखातील निष्कर्ष मला मान्य नाही. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये २०२१ साली आलेल्या ब्रिटनमधील चाचणीत, दीर्घकाळ गोळ्या घेऊन बरे असलेल्या आणि त्या थांबवण्याचा विचार करणाऱ्या ४७८ लोकांचे दोन गट केले होते. वर्षभरात नैराश्य उलटण्याचे, म्हणजे पुन्हा येण्याचे, प्रमाण गोळी चालू ठेवलेल्यांत ३९ टक्के, तर हळूहळू थांबवलेल्यांत ५६ टक्के होते.

रानवारा

म्हणजे थांबवलेल्यांपैकी ४४ टक्क्यांचा आजार वर्षभर उलटला नाही. हा आकडा मला कोणत्याही दवाखान्यात का सांगितला गेला नाही? तो ऐकून मी कदाचित गोळी चालूही ठेवली असती, पण तो निर्णय माझा असता.

रसशाळा

या साऱ्या चर्चेत आपल्याकडच्या सर्पगंधा या वनस्पतीचे नाव कोणीच घेत नाही, हे खटकते. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ सालीच उन्माद आणि रक्तदाब या दोहोंवरील तिच्या उपयोगाबद्दल लिहिले होते. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये तिच्या रक्तदाबावरील गुणाचा अनुभव मांडला. तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढल्यावर पाश्चात्त्यांनी तेच औषध मनोरुग्णालयांत वापरले आणि श्रेय आपल्या नावावर घेतले.

निशिगंध

इतिहास बरोबर आहे. परंतु रिसर्पिन मागे पडले ते क्लोरप्रोमॅझिन हे मनोविकारांवरचे औषध आणि त्यानंतरची औषधे आल्यामुळे, आणि रिसर्पिनने रक्तदाब फार उतरणे व मन खचणे अशा तक्रारी नोंदल्या गेल्यामुळे. मूळ प्रश्नाकडे येऊ.

थोरली

आपण सर्व जण गोळी घ्यायची की सोडायची हे घेणारा ठरवतो असे धरून बोलत आहात. माझ्या मुलाला स्किझोफ्रेनिया आहे, आणि आपण आजारी आहोत हेच त्याला मान्य नाही. शेजाऱ्यांनी पाण्याच्या टाकीत काही कालवले आहे असे वाटून त्याने नळाचे पाणी पिणे सोडले होते. मी ओलान्झापिनची गोळी पोळपाटावर लाटण्याने चुरडते, वर्तमानपत्राच्या तुकड्यावर भुकटी गोळा करते आणि त्याच्या वाटीतल्या वरणात कालवते. ताकात घातली तर तो पेला नाकाशी धरून परत ठेवतो. वरणाला लसणाची फोडणी असते, त्यात कळत नाही. तो आता झोपतो, अंघोळ करतो, गोठ्यातले काम करतो. त्याची संमती मी कोठून आणू?

रानवारा

काकू, आपल्या कष्टांबद्दल मनात आदर ठेवून सांगतो, हे चूक आहे. अन्नपाण्यात काही कालवले जाते हा त्याचा संशय आपण स्वतःच्या हाताने खरा करून ठेवला आहे. ज्या दिवशी त्याला ती भुकटी दिसेल, त्या दिवसापासून तो आपल्या हातचे जेवणार नाही, आणि तेव्हा त्याला भ्रमिष्ट म्हणण्याचा अधिकार कोणाला असेल? २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा माहितीपूर्ण संमतीवर उभा आहे.

थोरली

कायदा रात्री दोन वाजता आमच्या अंगणात येत नाही. मुलगा विळा घेऊन शेजाऱ्यांच्या दारात उभा होता तेव्हा त्यांच्या पाया मी पडले होते. आपल्याला झटके आले, त्रास झाला, मान्य; पण आपला त्रास आपल्याला सांगता येतो. मला शिकवू नका.

औषधवाला

तालुक्याच्या गावी माझे मेडिकल आहे. रुग्णाने कधी पाहिलेलीही नाही अशी गोळी नेणारे नातेवाईक माझ्याकडे नेहमी येतात. पैशांची अडचण असते म्हणून पाच-पाच गोळ्या मागतात, आणि पट्टी कात्रीने कापली की औषधाचे नाव एका तुकड्यावर व मुदतीची तारीख दुसऱ्यावर जाते. घरी कोणती गोळी वाटीत पडते हे मग कोणालाच सांगता येत नाही. लिथियमवरचा माणूस कंबरदुखीसाठी आयब्युप्रोफेन मागतो. ते घेतले तर लिथियम रक्तात साठू लागते. तो लिथियमवर आहे हे त्याला स्वतःला माहीत असेल तरच तो मला सांगणार. गोळी लपवून देण्याला माझा विरोध यासाठी आहे, कायद्यासाठी नव्हे.

निशिगंध

थोरलीताई, आपण हे का करता ते मला कळते, आणि आपल्यासारखी अनेक घरे मी पाहिली आहेत. पण ओलान्झापिनने वजन आणि साखर वाढू शकते, म्हणून वेळोवेळी रक्त तपासावे लागते, आणि आपण गोळी घेत आहोत हेच ज्याला ठाऊक नाही त्याचे रक्त आपण कोणत्या कारणाने काढणार? त्याने वाटी अर्धी टाकली तर मात्रा अर्धी गेली. आता तो शांत आहे, म्हणजे त्याच्याशी बोलण्याची हीच वेळ आहे. काही औषधांची दीर्घकाळ टिकणारी इंजेक्शने महिन्यातून एकदा देता येतात, आणि रोजच्या गोळीला नाही म्हणणारे काही रुग्ण त्यांना हो म्हणतात. तो पुन्हा हिंसक झाला आणि निर्णय घेण्याच्या स्थितीत नसला, तर याच कायद्यातील कलम ८९ नुसार त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या, म्हणजे त्याच्या वतीने निर्णय घेण्यासाठी नेमलेल्या व्यक्तीच्या, अर्जावर त्याला दाखल करता येते. कायदा आपल्या विरोधातच आहे असे समजू नका.

थोरली

इंजेक्शनचे पुढच्या खेपेला विचारीन. तोपर्यंत वरणातली गोळी बंद करणार नाही, कोणी काहीही म्हणो.

रानवारा

काकूंच्या जागी मी नाही, एवढे मान्य करतो. त्यापुढे माझे मत बदललेले नाही. कृष्णाकाठताईंच्या आग्रहाखातर माझ्या लेखाच्या शेवटी ‘डॉक्टरांशी बोलल्याशिवाय कोणतीही गोळी एकदम थांबवू नये’ ही ओळ टाकत आहे. मथळा तोच राहील, कारण ‘मेंदूत एक द्रव्य कमी आहे’ हे वाक्य मला खरोखरच सांगितले गेले होते.

कृष्णाकाठ

आपल्याशी जे खोटे बोलले गेले त्याबद्दलचा आपला राग मला मान्य आहे, आणि तो लेख त्या रागापुरता असता तर मी काहीच लिहिले नसते. परंतु लेखाच्या शेवटची ओळ तेथवर पोहोचणारेच वाचतात. आपला मथळा आणि ‘धैर्य’ असलेला परिच्छेद यांचे छायाचित्र आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटात आले आहे, आणि ते माझ्या भावाने टाकले आहे. त्याच्यापर्यंत आपली नवी ओळ जाणार नाही. तो परिच्छेद काढा आणि मथळ्यात ‘नैराश्य’ हा शब्द घाला. लिथियमवरच्या माणसाला उद्देशून आपण बोलत नव्हता, हे त्याला निदान पहिल्या ओळीत कळू द्या.