जुनी छापील पुस्तके सोलापुरातच ठेवावीत का?

मूळ मत
सोलापुरातील एका जुन्या वाचनालयाच्या आतल्या खोलीत एकोणिसाव्या शतकातील मराठी पुस्तके गठ्ठे बांधून ठेवलेली मी पाहिली. मुद्रक गणपत कृष्णाजींनी मुंबईत शिळाछापावर (दगडावरून छापून) पंचांग काढले ते १८३१ मध्ये, आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोशही त्याच वर्षीचा. त्या काळातील छापील पुस्तके आता विरळाच आढळतात. मे महिन्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जाणाऱ्या गावात ती पत्र्याखाली ठेवण्यापेक्षा पुण्या-मुंबईच्या मोठ्या संग्रहांच्या स्वाधीन करावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद १
आपली काळजी रास्त असली, तरी ती चुकीच्या पुस्तकांविषयी आहे. चिंध्यांच्या लगद्याचा जुना कागद चिवट असतो. पुढे लाकडाचा लगदा आणि तुरटीची खळ आली, तेव्हापासून कागदातच आम्ल मुरू लागले. त्यामुळे मोल्सवर्थची १८५७ ची दुसरी आवृत्ती अजून धडपणे उलगडते (मी स्वतः एक प्रत हाताळली आहे) आणि तिच्याहून चाळीस वर्षांनी लहान असलेल्या कादंबरीचा मात्र बोट लावताच चुरा होतो. मोठे संग्रह आपल्याकडून कोश आनंदाने घेतील. त्या कादंबरीला विचारणार कोण? शिवाय शंकर गणेश दात्यांच्या मराठी ग्रंथसूचीच्या पहिल्या भागात १८०० ते १९३७ पर्यंतची पुस्तके सापडतात; पण ‘जुनी मिल’ ही इथली कापडगिरणी १८७७ मध्ये सुरू झाल्यानंतर या गावातले लोक काय वाचत होते, हे इथल्याच प्रतींवरचे शिक्के, दाखल क्रमांक आणि समासातल्या पेन्सिलीच्या खुणा सांगतात.

प्रतिसाद २ (मूळ लेखक)
कागदाचा मुद्दा मान्य. परंतु ज्या दाखल क्रमांकांचा आपण आधार घेता, त्यांची नोंदवहीच कसरीने अर्धी खाल्लेली आहे. नोंदवही नसेल, तर शिक्का नुसती मालकी सांगतो. पुस्तक कधी आले, कोणी दिले, हे सांगत नाही.

प्रतिसाद ३
मग पुस्तकांआधी ती नोंदवही स्कॅन करावी, आणि तीही रंगीत. शाई फिकट झाली असेल, तर काळ्या-पांढऱ्या प्रतीत आकडे उमटतच नाहीत. स्थलांतराला माझा विरोध आहे, पण कुलूपबंद कपाटालाही तितकाच आहे. शिळाछापाच्या सुट्या पानांच्या पोथ्या तर गठ्ठ्यात मुळीच आवळू नयेत, कारण दोरीच्या काचाने त्यांच्या कडा आधी तुटतात.

प्रतिसाद ४ (मूळ लेखक)
नोंदवहीपुरते आपले एकमत आहे. कोश मात्र पाठवावा, या मतावर मी अजून ठाम आहे.